जलजीवालयाचे परिपक्वन

नव्याने पाणी भरलेल्या काचटाकीत मासे सोडण्यापूर्वी, माशांच्या उत्सर्गातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजंतूंची पुरेशी वाढ घडवून आणण्याची क्रिया. मासे मुख्यत्वे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. वाशिम जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेसारख्या नदीत तो विरून जातो. चाळीस-पन्नास लिटरांच्या टाकीत मात्र साचत राहतो. पाणी स्वच्छ दिसत असते, पण आठवड्या-दोन आठवड्यांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात व मरतात. दोष सहसा खाद्याला किंवा विक्रेत्याला दिला जातो.

अमोनियाचे नायट्रेट होणे ही जैव क्रिया आहे, हे श्लेझिंग व म्युन्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये दाखविले. वाळू व चुनखडीच्या थरातून सांडपाणी झिरपत ठेवले असता पहिले सु. वीस दिवस काहीच घडले नाही व नंतर नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्म देताच क्रिया थांबली. नव्या टाकीतील विलंब याच जातीचा आहे, कारण हे जंतू फार सावकाश वाढतात. व्हिनोग्राडस्की यांनी १८९० मध्ये ते वेगळे केले. नायट्रोसोमोनास व तत्सम जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही घातक असते. त्याच्यामुळे रक्त तपकिरी होऊन त्याची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते. त्याचे नायट्रेट करण्याचे काम दीर्घकाळ नायट्रोबॅक्टरकडे मानले जाई. परंतु गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, असे १९९८ मध्ये आढळले. दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायराही २०१५ पासून ज्ञात आहेत.

वाशिम जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा असून विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन (साबणाचा फेस सहज न होणारे) व किंचित अल्कधर्मी असते. ही गोष्ट दुधारी आहे. पाण्यातील मुक्त अमोनिया हाच विशेष विषारी असतो. २५° से. तापमान व ७ पीएच मूल्य असता एकूण अमोनियाचा सु. ०.६% भाग मुक्त असतो; ३०° से. व पीएच ८ असता तो सु. ७.५% होतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी याहून तापू शकते. उलट, नायट्रीकरणात खर्च होणारी बायकार्बोनेटे अशा पाण्यात मुबलक असल्याने जंतूंची वाढ अडत नाही. वाशिम शहराला पाणी पुरविणारा एकबुर्जी जलाशय खालावला म्हणजे वरचेवर पाणी बदलून मासे वाचविणे कठीण होते. म्हणूनच आधी परिपक्वन करणे येथे अधिक फायद्याचे ठरते.

नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी एक-दोन दिवस उघडे ठेवतात. मग खडी व गाळणी बसवून हवा चालू करतात आणि शुद्ध नवसागर (अमोनियम क्लोराइड) १०० लिटर पाण्यास सु. ०.६ ग्रॅम घालतात; त्यामुळे लिटरमागे सु. २ मिग्रॅ. अमोनिया मिळतो. चिमूटभर खाद्य कुजू दिले तरी चालते, पण मात्रेचा अंदाज राहत नाही. प्रथम अमोनिया उतरतो, नायट्राइट चढते, शेवटी तेही उतरते. यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या, निरोगी टाकीतील स्पंज किंवा मूठभर खडी घातल्यास हा काळ बराच घटतो. मात्र ती क्लोरीनयुक्त पाण्याने धुतल्यास जंतू मरतात. वीज बराच वेळ गेल्यास गाळणीतील जंतूंनाही ऑक्सिजन कमी पडतो.

वरील मात्रा चोवीस तासांत नाहीशी होऊन नायट्राइटही शून्य आले, म्हणजे टाकी तयार झाली असे समजतात. त्यानंतर बरेचसे पाणी बदलून गप्पीसारखे दोन-चार काटक मासे प्रथम सोडतात व जंतूंची संख्या वाढेल तसतशी भर घालतात. मागे उरणारे नायट्रेट पुढे दर आठवड्याला थोडे पाणी काढून कमी करावे लागते. हे काढलेले पाणी कुंड्यांतील झाडांना उपयोगी पडते.