भाताचा मोड : शर्करा आणि संप्रेरके

वसई-विरारच्या उरल्यासुरल्या खाचरांत परतीच्या पावसाने आडव्या झालेल्या भाताला लोंबीतच मोड येतात व हाती आलेले पीक वाया जाते. दाण्याची सुप्तावस्था ॲब्सिसिक आम्ल राखते. (रोधकासही ‘संप्रेरक’ म्हणावे लागते, ही परिभाषेची अडचण होय.) त्याचा प्रभाव ओसरून दाणा भिजला, म्हणजे गर्भातून जिबरेलिन स्रवते, त्यायोगे कोंड्यालगतच्या थरात अमायलेज हे विकर निर्माण होऊन पिष्टाची शर्करा बनते. शर्करा केवळ अन्न नव्हे. ती गर्भात साठताच तेथील विकरनिर्मिती मंदावते. जिबरेलिनचा मागही भातावरच लागला : रोपे अवास्तव उंच करणाऱ्या बुरशीच्या स्रावातच तो गुण असल्याचे कुरोसावा यांनी १९२६ साली दाखविले. सुप्तावस्था अल्प असलेल्या वाणांस पावसाचा हा फटका अधिक बसतो.