तेल, पाणी आणि प्राण

श्रोत्यांनीं घरच्या स्वयंपाकघरांतील एक नित्याचा देखावा क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. आमटीला फोडणी दिलेली आहे आणि तिच्यावर तेलाचा तवंग पसरलेला आहे. पळीनें कितीही ढवळलें तरी तेल बारीक थेंबांच्या रूपानें घटकाभर फिरतें, आणि पळी थांबली कीं पुन्हा वर येऊन एकत्र जमतें. तेल पाण्याशीं एकरूप होत नाहीं, ही गोष्ट लहान मुलासही ठाऊक असते. परंतु ह्याच साध्या हट्टावर प्राणिमात्राचें जीवन उभें आहे, आणि नवजात अर्भकाचा श्वासही त्यावरच अवलंबून असतो, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

चरबी ह्या शब्दाचें नशीब कांहीं चांगलें नाहीं. मराठींत ‘चरबी चढणें’ म्हणजे उन्मत्त होणें. आणि वैद्यकशास्त्रानें तिचा हृदयविकाराशीं संबंध जोडल्यापासून तर मेद म्हणजे शरीरांत शिरलेला शत्रूच, असा समज दृढ झाला आहे. संस्कृत भाषेनें मात्र तेला-तुपाला आणि ममतेला एकच शब्द योजिला: स्नेह. ह्या दोन मतांपैकीं शास्त्राचा कौल कोणत्या बाजूस पडतो, हें पाहणें उद्बोधक आहे.

स्निग्ध द्रव्यांचें अंतरंग प्रथम उलगडून दाखविलें तें फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्हरल ह्यांनीं. १८२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यांनीं सिद्ध केलें कीं, चरबी ही ग्लिसरीन आणि मेदाम्लें ह्यांच्या संयोगानें झालेली असते. मेदाम्लाचा रेणु म्हणजे कार्बनच्या अणूंची एक लांबट साखळी. तिच्या अंगाला हायड्रोजनचे अणु चिकटलेले असतात आणि एका टोकाला आम्लाचा गट असतो. अशा तीन साखळ्या ग्लिसरीनच्या एका रेणूला जोडल्या गेल्या म्हणजे तेल अथवा तूप होतें. साखळ्या सरळ असल्या तर त्या मोळींतील काटक्यांप्रमाणें एकमेकींस लगटून बसतात आणि द्रव्य लवकर थिजतें. म्हणून हिवाळ्यांत तूप घट्ट होतें. साखळींत दुहेरी बंध असला म्हणजे ती त्या जागीं वांकते. वांकड्या काटक्यांची मोळी सैल राहते, आणि करडईचें तेल थंडींतही पातळच असतें.

अशी साखळी पाण्यांत कां मिसळत नाहीं? पाण्याच्या रेणूंत विद्युद्भार सारखा वांटलेला नसतो. एका अंगाला तो किंचित् धन, तर दुसऱ्या अंगाला ऋण असतो. त्यामुळें पाण्याचे रेणु एकमेकांना घट्ट धरून राहतात. कार्बनच्या साखळीवर असा भेद जवळजवळ नसतो, आणि तिला मध्यें जागा द्यावयाची तर पाण्याला आपली पकड बदलावी लागते. त्यापेक्षां तें साखळ्यांनाच बाजूस सारतें. तेव्हां तेल पाण्याचा द्वेष करतें असें नसून, पाणीच आपला गोतावळा सोडावयास तयार नसतें.

ह्या ताटातुटीचा पहिला लाभ साठवणींत दिसतो. एक ग्रॅम शर्करा अथवा पिष्ट शरीरांत जळलें म्हणजे सुमारे ४ उष्मांक मिळतात. एक ग्रॅम मेदापासून सुमारे ९ मिळतात. शिवाय शर्करेचा सांठा यकृतांत आणि स्नायूंत करावयाचा तर तिच्याबरोबर पुष्कळ पाणीही बाळगावें लागतें; मेदाला पाणी नकोच असल्यामुळें तो कोरडा राहतो. साधारण बांध्याच्या मनुष्याजवळ शर्करेचा सांठा जेमतेम एक दिवस पुरेल इतका असतो. उलट त्याच्या अंगांतील १०-१२ किलो मेदांत सुमारे एक लाख उष्मांक सांठविलेले असतात. हीच पुंजी शर्करेच्या रूपानें वाहावी लागली असती, तर त्याला चालणेंही अवघड झालें असतें. दुष्काळांत आणि दीर्घ दुखण्यांत मनुष्य तगतो तो ह्या पुंजीवर.

दुसरा लाभ अधिक सूक्ष्म आहे, आणि त्याचें मर्म एका तळ्यावर पाहावयास मिळतें. अमेरिकन मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन हे लंडन येथें राहत असतां त्यांनीं क्लॅपहॅम येथील तळ्यावर चमचाभर तेल ओतून पाहिलें. तेल पसरत गेलें, वाऱ्यानें उठणाऱ्या लहरी शमल्या, आणि सुमारे अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे, पाणी आरशासारखें गुळगुळीत झालें. हा वृत्तान्त १७७४ सालीं प्रसिद्ध झाला. एवढ्याशा तेलानें एवढें क्षेत्र व्यापलें, तर त्या थराची जाडी किती असेल? एका मिलिमीटरचे पांच लक्ष भाग केले तर त्यांतील एक-दोन भागांइतकीच ती भरते. फ्रँकलिन ह्यांनीं हा हिशेब मांडला नव्हता. मांडता तर त्यांस कळून आलें असतें कीं, ही जाडी म्हणजे तेलाच्या केवळ एका रेणूची उंची होय.

हाच प्रयोग दीड शतकानंतर हॉलंडमधील लायडन येथें निराळ्या हेतूनें झाला. एव्हर्ट गॉर्टर ह्या बालरोगतज्ज्ञांनीं आणि त्यांचे सहकारी ग्रेंडेल ह्यांनीं १९२५ सालीं रक्तांतील तांबड्या पेशींतून स्निग्ध द्रव्य काढून घेतलें आणि तें तबकांतील पाण्यावर पसरलें. थराचें क्षेत्रफळ पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या दुप्पट भरलें. पुढें त्यांच्या मोजणींत दोन चुका आढळल्या, परंतु एकीनें दुसरीची भरपाई केली होती आणि निष्कर्ष खराच ठरला: पेशीचें आवरण हा स्निग्ध द्रव्याचा दुपदरी पडदा आहे. ह्या पडद्याच्या रेणूंत ग्लिसरीनला दोन मेदाम्लें जोडलेलीं असतात आणि तिसऱ्या जागीं फॉस्फरसयुक्त, पाण्याला जवळ करणारा गट असतो. डोकीं पाण्याकडे आणि शेपट्या एकमेकींकडे, अशी त्यांची मांडणी पाण्यांत आपोआप होते. हा पडदा पाण्यांत विरघळणारा असता, तर पेशीचें आंत आणि बाहेर असा भेदच उरला नसता. मज्जातंतूंवर असेच पदर एकावर एक गुंडाळलेले असतात. त्या वेष्टनाच्या कोरड्या वजनांत सुमारे ७० ते ८० टक्के भाग स्निग्ध द्रव्यांचा असतो, आणि त्याच्यामुळेंच संदेश वेगानें धांवतो.

ह्या बांधकामाला लागणारीं कांहीं मेदाम्लें मात्र शरीराला घडवितां येत नाहींत. १९२९ सालीं अमेरिकेंतील जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर ह्या दांपत्यानें उंदरांना मेदरहित अन्नावर ठेविलें. त्यांच्या कातडीवर खवले आले, वाढ खुंटली आणि अखेर ते मेले. हीं आवश्यक मेदाम्लें अन्नांतूनच मिळवावीं लागतात. महाराष्ट्रांतील करडईच्या तेलांत आणि जवसाच्या चटणींत तीं विपुल असतात.

पाण्याशीं न मिसळण्याच्या ह्या स्वभावाची किंमतही शरीराला मोजावी लागते. रक्त हें बहुतांशीं पाणी. त्यांतून मेद वाहून न्यावयाचा तर त्याला प्रथिनांच्या वेष्टनांत बांधूनच न्यावें लागतें. कोलेस्टेरॉलचा प्रवास असाच होतो. पित्तांतील आम्लें, स्त्री-पुरुषांचे हॉर्मोन आणि कातडींत उन्हानें तयार होणारें ‘ड’ जीवनसत्त्व, हीं सारीं त्याच्याच कुळांतील. परंतु हीं बोचकीं उतरवून घेणारीं केंद्रें यकृतांत कमी पडलीं, तर तीं रक्तांतच रेंगाळतात आणि रोहिणीच्या भिंतींत कीट सांचूं लागतें. ह्या केंद्रांचा शोध लावणारे ब्राउन आणि गोल्डस्टीन ह्यांना १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां अपराध द्रव्याचा नव्हे; प्रमाणाचा आणि वाहतुकीचा आहे.

आतां राहिला श्वास. फुप्फुसांत कोट्यवधि सूक्ष्म वायुकोश असतात आणि त्यांचें आंतलें अंग नेहमीं ओलें असतें. पाण्याचे रेणु एकमेकांना ओढतात, हें वर आलेंच आहे. त्या ओढीमुळें ओलाव्याच्या पृष्ठभागीं जो ताण उत्पन्न होतो, तो प्रत्येक कोश मिटवूं पाहतो. निरोगी फुप्फुसांत ह्या ओलाव्यावर स्निग्ध द्रव्याचा एक तवंग असतो. श्वास सोडतांना त्याचे रेणु दाटीनें उभे राहतात आणि तो ताण जवळजवळ नाहींसा करतात. गर्भाच्या फुप्फुसांत हा तवंग पुरेसा तयार होतो तो साधारणपणें ३४-३५ व्या आठवड्याच्या सुमारास. त्यापूर्वीं जन्मलेल्या बालकाचे वायुकोश पुष्कळदां प्रत्येक उच्छ्वासासरशीं मिटतात. पुढचा प्रत्येक श्वास त्याला पहिल्याइतकाच कष्टाचा होतो, आणि थोड्याच वेळांत तें थकून जातें.

अशा बालकांच्या फुप्फुसांत हा तवंगच उणा असतो, हें मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड ह्यांनीं १९५९ सालीं दाखविलें. तथापि कारण कळलें म्हणून उपाय हातीं आला असें नाहीं. १९६३ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांचा साडेपांच आठवडे आधीं जन्मलेला पुत्र पॅट्रिक ह्याच विकारानें अवघ्या ३९ तासांत गेला. राष्ट्राध्यक्षाच्या घरींही त्या काळीं जें मिळूं शकलें नाहीं, तें पुढें दोन वाटांनीं साध्य झालें. १९७२ सालीं न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी ह्यांनीं दाखवून दिलें कीं, प्रसूतीपूर्वीं मातेला एका स्टेरॉइडचें इंजेक्शन दिल्यास बालकाचें फुप्फुस लवकर पक्व होतें. हें औषधही कोलेस्टेरॉलच्याच सांगाड्यावर बेतलेलें आहे. १९८० सालीं जपानमधील फुजिवारा ह्यांनीं गाईच्या फुप्फुसापासून केलेलें स्निग्ध द्रव्य दहा अर्भकांच्या श्वासनलिकेंतून आंत सोडलें, आणि मिटलेलीं फुप्फुसें उघडलीं.

आज अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठीं असलेल्या रुग्णालयांत हा उपचार नित्याचा झाला आहे. किलोभर वजनाच्या जीवासाठीं जें द्रव्य लागतें तें अवघें कांहीं मिलिलिटर, म्हणजे फ्रँकलिन ह्यांनीं तळ्यावर ओतलें तेवढेंच, चमचाभर. तें ओलाव्यावर पसरतें, पाण्याची ओढ शमते, आणि निळसर पडलेल्या ओठांवर हळूहळू रंग चढूं लागतो. तेला-तुपाला आणि ममतेला एकच नांव देणाऱ्यांना हें रसायन ठाऊक नव्हतें. परंतु नांव त्यांनीं चुकीचें ठेविलें, असें आतां कोणास म्हणतां येणार नाहीं.