जोडीदाराचा व्हिसा : मुलाखतीत पाहतात काय?

मुंबई : अमेरिकी नागरिकाशी विवाह झालेल्या जोडीदारासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासातील मुलाखत निर्णायक ठरते. आय-१३० अर्ज मंजूर झाला, तरी व्हिसा गृहीत धरता येत नाही. विवाह केवळ स्थलांतरासाठी झालेला नाही ना, याची खातरजमा अधिकारी करतात. ओळख कशी झाली, जोडीदार काय करतो, असे प्रश्न साधेच असतात. विवाह प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणी आणि आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र आवश्यक असते. कागदपत्रे अपुरी असल्यास कलम २२१(जी) अन्वये व्हिसा तूर्त नाकारला जातो. पूर्ततेसाठी १ वर्षाची मुदत मिळते. तोवर संसार मात्र दोन देशांत विभागलेला राहतो. म्हणूनच पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा अर्जाशी जुळणारी खरी माहितीच उपयोगी पडते.