भिंतीवरचे तुकोबा कुणाच्या चेहऱ्याचे?

बारामतीहून फलटणला निघालं की नीरा नदी ओलांडण्याआधी सांगवी लागते. सगळा उसाचा मुलूख. आषाढात तुकोबांची पालखी गावाच्या उत्तरेकडून जाते: बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर. ज्ञानोबांची पालखी नदीच्या पलीकडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा रस्ता धरते. दोन्ही वाटांच्या मधल्या या पट्ट्यात घराच्या सोप्यात तुकोबांची तसबीर असणं ठरलेलंच. देवाच्या चार फोटोंबरोबर तीही लागते, सणासुदीला तिलाही हार पडतो. ती कुणी केली, चेहरा कुठून आला, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

तुकोबा सतराव्या शतकातले. त्यांना समोर बसवून काढलेलं, सगळ्यांनी मान्य केलेलं असं एकही चित्र आपल्याकडे नाही. तरीही डोळे मिटले की बहुतेक मराठी माणसांना एकच तुकाराम दिसतो: डोक्याला पागोटं, कपाळी गंध, हातात चिपळ्या, अर्धवट मिटलेले मवाळ डोळे. हा चेहरा विष्णुपंत पागनिसांचा आहे. ‘प्रभात’ कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटातला. चित्रपट 1936 चा, म्हणजे आपल्या मनातला तुकाराम अजून शंभरीलाही पोचलेला नाही.

पागनिस संगीत नाटकांतून आलेले. तरुणपणी त्यांनी स्त्रीभूमिका गाजवल्या होत्या, आणि त्यांच्या आवाजात, हालचालींत तो मऊपणा उरला होता. हा माणूस देहूच्या कुणब्याच्या भूमिकेत शोभेल का, अशी शंका दिग्दर्शकांनाही होती म्हणतात. पण तोच मऊपणा पडद्यावर कामी आला. हा तुकाराम संसारातला माणूस वाटतो, पण त्याचं चित्त दुसरीकडे लागलेलं दिसतं. त्याच्यासमोर त्याची बायको, गौरी या नटीची जिजाई आहे. तोंडाची फटकळ, म्हशी सांभाळणारी, प्रसंगी विठ्ठलावर पायताण उगारणारी. कंपनीत किरकोळ कामापासून सुरुवात केलेल्या या बाईनं अख्खा चित्रपट जमिनीवर ठेवला. माझ्या मते खरा अभिनय तिचा आहे, पण तसबीर झाली ती पागनिसांची. संतांच्या बायकांचं असंच होतं.

12 डिसेंबर 1936 रोजी मुंबईत गिरगावच्या ‘सेंट्रल’मध्ये चित्रपट लागला आणि तिथे 57 आठवडे चालला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. लोक पागनिसांच्या पाया पडू लागले आणि त्यांच्या वेषातले फोटो तसबिरींत बसले. त्यांच्या वाट्याला पुढेही संतच आले: 1939 साली तुलसीदास, 1940 साली नरसी भगत. 1943 साली ते वारले, पण चेहरा देहू-पंढरीच्या दुकानांत विकला जात राहिला. त्याच चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं एक पद पुष्कळांनी तुकोबांचाच अभंग समजून घेतलं. चेहऱ्यासारखं शब्दांचंही झालं.

याला फसवणूक म्हणावं का? मला नाही वाटत. पण हा चेहरा आपोआप उगवलेला नाही, तो घडवलेला आहे. घडवणारे हात कुणाचे, हे कळलं तर तसबिरीकडे बघताना हार आणि उदबत्तीपलीकडचंही काही दिसू लागेल.

ते हात कोल्हापूरचे. चित्रपटाचे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल ही जोडी बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झाली. बाबूराव (1890–1954) आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. आनंदराव 1916 साली गेले. बाबूरावांनी स्वतःचा कॅमेरा जुळवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन सिनेमात दाखवला. रंगवलेल्या पडद्यासमोर नट उभे करण्याऐवजी त्यांनी सेट बांधले, वेषभूषेची आधी चित्रं काढली. पोस्टरंही स्वतःच रंगवली. त्यांचं ‘कल्याण खजिना’चं 1924 चं पोस्टर आज हाती असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत सर्वांत जुन्यांपैकी मानलं जातं. चितारी माणूस सिनेमात गेल्यामुळे आपला सुरुवातीचा सिनेमा चित्रासारखा रचलेला दिसतो. दादासाहेब फाळक्यांचंही तेच: छायाचित्रण केलं, लोणावळ्याजवळच्या रविवर्मा प्रेसमध्ये शिळाछपाईत हात घातला, मग कॅमेऱ्याकडे वळले.

दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी 1929 साली ‘प्रभात’ सुरू केली. 1933 साली ती पुण्याला आली. फत्तेलालना सगळे साहेबमामा म्हणत. देहूची घरं, ओसरी, दळण, गुरं, देवळाचा गाभारा, हे वारकऱ्यांचं सगळं जग एका मुसलमान चित्रकाराच्या नजरेखाली उभं राहिलं, आणि वारकऱ्यांनी ते बिनतक्रार आपलं म्हटलं. कलासमीक्षक गीता कपूर यांनी या चित्रपटावर आणि सत्यजित राय यांच्या ‘देवी’वर मिळून एक महत्त्वाचा निबंध लिहिला आहे. देवाच्या चित्रासारखी समोरासमोर, स्थिर मांडणी सिनेमात कशी येते, हा त्यातला एक धागा. तुकाराम पडद्यावर आपल्याकडे तोंड करून बसतो, म्हणून तो इतक्या सहज तसबिरीत जाऊन बसला.

गावात हा चेहरा पोचायला तंबूची मदत झाली. जत्रेत कनाती ठोकून उभारलेला टुरिंग टॉकीज, मध्ये प्रोजेक्टर, समोर जमिनीवर बसलेली गर्दी. शहरात सिनेमा उतरल्यावर पुष्कळ वर्षांनीही इथे तीच रीळं फिरत, सांधून-चिकटवून. या तंबूंचे अखेरचे दिवस शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (2016) या माहितीपटात टिपलेले आहेत. यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाची कलाकुसर त्यात आहे, आणि ती कुठल्याही नटाइतकीच बघण्यासारखी आहे.

भिंतीवरचा दुसरा चेहरा घ्या. शाळा, ग्रामपंचायत, तहसील कार्यालय, जिथे जाल तिथे शिवाजी महाराजांचं ज्या चित्रावरून छापलेलं रूप दिसतं, ते शासनमान्य चित्र जी. कांबळे यांनी काढलेलं. हेही कोल्हापूरचे, आणि सिनेमाच्या पोस्टरांचे कसलेले चित्रकार. शांतारामांच्या ‘राजकमल’च्या चित्रपटांची पोस्टरं त्यांच्या हातची. पडद्यावरचे महाराज म्हणून ज्यांची आठवण निघते ते चंद्रकांत मांढरे तर नटही आणि चित्रकारही. ते ज्यात महाराज झाले तो भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ 1952 चा, आणि चंद्रकांतांची पावडर शेडिंगमधली निसर्गचित्रं आज कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्यांच्या घरातल्या संग्रहालयात बघायला मिळतात. म्हणजे सांगवीच्या एका भिंतीवर संत आणि राजा शेजारी लटकत असतील, तर दोघेही एकाच शहरातल्या रंगाच्या डब्यांतून आलेले. शासनानं मान्यता दिली म्हणून एक चित्र अधिकृत ठरलं. दुसऱ्याला मान्यता दिली ती हार घालणाऱ्यांनी.

‘प्रभात’ 1953 साली बंद झाली. तिच्या आवारात 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. पी. के. नायर यांनी तिथे जुनी रीळं, पोस्टरं, गाण्यांची पुस्तकं, छायाचित्रं जमवली. जुनं प्रेमानं सांभाळणं एवढंच त्यांचं काम नव्हतं. कुठली प्रत मूळ, कुठली नकलेची नक्कल, हेही बघावं लागे. जुन्या रिळांतली नायट्रेटची फिल्म फार लवकर पेट घेते. 2003 च्या जानेवारीत इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत अशा रिळांचा मोठा साठा गेला. कागदाला आगीचं इतकं भय नाही. त्याचा शत्रू ओल आणि कसर, आणि कालव्याच्या पाण्यावर उसात उभ्या असलेल्या आपल्या गावांत ओल बारा महिने असते.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जुन्या तसबिरी मिळतात. हल्ली हौशी मंडळी त्या दिवाणखान्यासाठी नेतात. चौकटीचं सागवान बघतात, आतलं चित्र बदलून टाकतात. हौसेला माझी ना नाही, पण हा सौदा उलटा आहे. आधी चित्राचा खालचा काठ वाचावा. छापखान्याचं नाव, कधी चित्रकाराची सही तिथे बारीक अक्षरात असते. मग पाठ बघावी. फोटोवर हातानं रंग दिला आहे की रंगीत छपाई आहे, हे भिंगातून कळतं: छपाईत ठिपके दिसतात, ब्रशच्या रंगात दिसत नाहीत. घरात आजीच्या काळातली तसबीर असेल तर बाहेरच्या ओलसर भिंतीवरून काढून आतल्या कोरड्या भिंतीवर लावावी, काचेला चित्र चिकटलं असेल तर ओढू नये, आणि कुणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेशन करू नये. चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही.