नांवाचा अर्थ कोणीं ठरवावा?

पत्रांत ‘आमचें बाळ’ असें लिहिलें, तर तें लिहिणाऱ्याच्या घरचें. वाचणाऱ्याच्या घरचें नव्हे. संगणकाच्या आज्ञावलींतही मूल्यांना नांवें द्यावीं लागतात, आणि तेथेंही हाच प्रश्न उभा राहतो.

१९८५ सालीं प्रसृत झालेल्या ग्नू ईमॅक्स या संपादन-साधनाच्या लिस्प भाषेंत उलट रीत होती. आज्ञावलीनें ज्या नांवाचा अर्थ स्वतः सांगितला नाहीं, त्याचा अर्थ तिला बोलावणारी आज्ञावली ठरवी. त्यामुळें एकीनें सोयीसाठीं योजिलेलें नांव दुसरीच्या कामांत शिरे, आणि चूक भलत्याच जागीं प्रकट होई.

मग ही रीत एका दिवसांत कां पालटली नाहीं? कारण तिचा उपयोगही होता: मूळ लिखाणास हात न लावतां त्याचें वर्तन तात्पुरतें बदलतां येई. अनेक जुनीं लिखाणें त्यावरच विसंबून होतीं. म्हणून २०१२ सालच्या २४ व्या आवृत्तींत नवी रीत ऐच्छिक ठेविली. फायलीच्या पहिल्या ओळींत तशी नोंद असेल तरच ती लागू होई. विशिष्ट नांवापुरती जुनी रीत जाहीर करण्याची वाटही खुली राहिली. २०२५ सालच्या ३० व्या आवृत्तींत संकलक, नोंद नसल्यास, इशारा देऊं लागला. ज्यास जुनीच रीत हवी, त्यानें तसें स्पष्ट लिहावें.

हा क्रमच महत्त्वाचा. ज्याचा कर्ता आज दुरुस्तीस उपलब्ध नाहीं, तें लिखाण मुकाट्यानें निराळें उत्तर देऊं लागलें, तर तो दोष सुधारणा करणाऱ्याचा होय.