जुन्या गाडीचे ब्रेक पॅड

मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीत पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे पुढच्या पॅडची निवड फार महत्त्वाची. ऑरगॅनिक पॅड मऊ आणि स्वस्त; पण लांब घाट उतरताना ते तापले की पकड ढिली पडते. सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता जास्त सोसतात, मात्र डिस्क लवकर झिजवतात. घाटात नेहमी जाणाऱ्यांनी तेच घ्यावेत. शर्यतीचे पॅड रस्त्यावर नकोतच, थंड असताना ते नीट धरत नाहीत.

पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. कॅलिपरची सरकती पिन गंजून अडकली असेल, तर उत्तम पॅडही तिरका झिजतो. ती आधी साफ करून ग्रीस लावावी. ब्रेक ऑइल ओलावा शोषते, तेही साधारण दोन वर्षांनी बदलावे.