संगणकाची सांथ आणि घरचें दप्तर

उलव्याजवळच न्हावा-शेवाचें जवाहरलाल नेहरू बंदर आहे. २७ जून २०१७ रोजीं त्या बंदरांतील एका धक्क्याचें काम एकाएकीं अडलें. समुद्रावर वादळ नव्हतें, कामगारांचा संपहि नव्हता. डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे असलेल्या त्या धक्क्यावरील संगणक 'नॉटपेट्या' नांवाच्या व्हायरसनें बंद पाडले होते. युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या दुरुस्तीबरोबर हा व्हायरस बाहेर पडला आणि कांहीं तासांत अनेक देशांत पसरला. पडद्यावर ३०० डॉलर खंडणीची मागणी दिसे. परंतु खंडणी भरूनहि उपयोग नव्हता. लावलेलें कुलूप त्यानें उघडून मिळत नव्हतें.

मर्स्कनें १० दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्यानें उभे केले. यंत्रें मिळालीं, पण कोणास कोठें प्रवेश आहे ही मूळ नोंद कोठून आणावी? तिच्या प्रती अनेक देशांत होत्या. मात्र त्या एकमेकींशीं सतत जोडलेल्या असल्यामुळें एकदमच नष्ट झाल्या. एकच प्रत वांचली. आफ्रिकेंतील घाना येथील कचेरींत हल्ल्यापूर्वींच वीज गेली होती, आणि बंद पडलेलें तेथील यंत्र निरोगी राहिलें. तेथील नोंद माणसांनीं हातोहात इंग्लंडला पोंचविली.

या हकीकतींत घरगुती संगणकासाठीं सर्व बोध आला आहे. यंत्र पुन्हां मिळतें. त्यांतील दप्तर मिळेलच असें नाहीं. घराचा करारनामा, मुलांचे निकाल, दिवंगत वडीलधाऱ्यांची छायाचित्रें हीं बाजारांत विकत मिळत नाहींत. म्हणून संगणक बिघडल्यावर यंत्राच्या आधीं दप्तराचा विचार करावा.

रोगाचा संशय येतांच प्रथम इंटरनेटची तार काढावी व वायफाय बंद करावें. जोडलेली हार्ड डिस्क किंवा पेन ड्राईव्ह असल्यास तीहि सोडवावी, आणि ज्या डिस्कवर फायलींची एकुलती एक प्रत आहे, ती अशा यंत्रास मुळींच लावूं नये. घाईनें 'फॉरमॅट' करणें हा तर उतावळेपणाच होय. झेरॉक्सच्या दुकानांतून आलेल्या पेन ड्राईव्हवर पुष्कळदां सर्व फोल्डर नाहींसे होऊन त्यांच्या जागीं शॉर्टकट दिसूं लागतात. अशा वेळीं मूळ फायली बहुधा पुसल्या गेलेल्या नसतात. त्या केवळ लपविलेल्या असतात. शॉर्टकट न उघडतां जाणत्याकडून त्या दृश्य करून घेतां येतात.

यानंतर रोगी संगणकाच्या स्वतःच्या विंडोजवर भिस्त ठेवूं नये, कारण व्हायरस तींतच लपून तपासणीस फसवूं शकतो. दुसऱ्या निरोगी संगणकावर अँटिव्हायरस कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून पेन ड्राईव्ह तयार करावा आणि बंद संगणक त्यावरून सुरू करून तपासावा. मग कागदपत्रें, छायाचित्रें व पत्रें एवढींच कोऱ्या डिस्कवर उतरवावीं. प्रोग्रॅम घेऊं नयेत. ती डिस्क तपासून झाल्यावर संगणक पूर्ण पुसून विंडोज नव्यानें बसविणें हाच खात्रीचा उपाय होय.

फायलींना खंडणीचें कुलूप लागलें असेल, तर प्रकरण अवघड असतें. पैसे भरूं नयेत. भरल्यानें फायली मिळतीलच असा भरंवसा नाहीं. कुलूपबंद फायली मात्र जपून ठेवाव्या. युरोपांतील पोलीस व संगणक-सुरक्षा कंपन्या यांनीं २०१६ सालीं सुरू केलेल्या 'नो मोर रॅन्सम' या योजनेंत कित्येक कुलपांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात, आणि आज नसलेली किल्ली उद्यां सांपडूं शकते. भारत सरकारच्या २०१७ सालच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'कडेहि सफाईचीं साधनें विनामूल्य आहेत. बँकेचा व ईमेलचा पासवर्ड निरोगी यंत्रावरून त्वरित बदलावा. खात्यांतून पैसे गेले असल्यास विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें.

हे सर्व उपाय रोग जडल्यानंतरचे. दप्तराचें खरें रक्षण आधीं होतें. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती असाव्या. त्या निदान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या व त्यांतील एक घराबाहेर, आप्ताकडे ठेवावी. दरमहा एका ठराविक रविवारीं डिस्क जोडावी, प्रत घ्यावी, दोन-चार फायली उघडून पाहाव्या आणि डिस्क काढून कपाटांत ठेवावी. डिस्क काढून ठेवणें हेंच यांतील मर्म आहे. सदैव जोडलेल्या प्रतीस संगणकाचाच रोग जडतो. घानांत वीज गेल्यामुळें जें योगायोगानें साधलें, तें उलव्यांतील गृहस्थास महिन्यांतून अर्धा तास खर्चून बुद्धिपुरस्सर साधतां येतें.